डोंगराची लाइन

“बाई, डोंगराची लाइन बंद करा,” लाइनमन फोनवर म्हणाला.

“कुणाचा निरोप आहे?” सबस्टेशनातल्या ऑपरेटर बाईंनी विचारलं.

“कुणाचा नाही. मीच सांगतोय.”

बाईंनी नोंदवही पुढे ओढली. बाईंची बावीस वर्षं नोकरी झाली होती आणि या माणसाने काही घाईघाईने केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. खात्यात त्याचं नावच ‘सावकाश’ पडलं होतं. खांबावर चढताना सावकाश, उतरताना सावकाश, डबा खातानाही सावकाश. त्या माणसाने भर उन्हात, दोनशे घरांतले पंखे गरगरत असताना लाइन बंद करायला सांगावी म्हणजे काहीतरी असणारच.

“तुमच्या नावावर लिहू?”

“लिहा. अकरा वाजून दहा मिनिटं.”

उष्णतेच्या लाटेचा तो सहावा दिवस होता. पारा पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. हवामान खात्याने सकाळीच इशारा दिला होता : कोरडी हवा, दुपारी जोराचा वारा, डोंगरउतारावर वणव्याचा धोका. त्यावर वीज खात्याचं परिपत्रकही आलं होतं, ‘परिस्थिती पाहून योग्य तो निर्णय घ्यावा.’ परिस्थिती कुणी पाहायची आणि निर्णय कुणी घ्यायचा, एवढं लिहायचं तेवढं राहून गेलं होतं.

सावकाश डोंगराच्या पायथ्याशी जीपमधून उतरून वर बघत उभा होता. परिस्थिती त्याच्या डोळ्यांसमोर होती. उन्हाने तारा तापून ढिल्या पडल्या होत्या आणि वाऱ्याबरोबर झोके घेत होत्या. खाली कमरेएवढं गवत वाळून काडी झालेलं. दूर, पलीकडच्या डोंगरामागे धुराची एक मळकट रेघ दिसत होती. वरच्या वस्तीतून खाली यायला एकच रस्ता, आणि तोही या गवतातूनच जात होता.

पाच मिनिटांत साहेबांचा फोन आला.

“अहो, काय चालवलंय? मला फोन खाली ठेवता येईना. लोक उकडून निघतायत आणि तुम्ही लाइन बंद करता?”

“साहेब, तारा झुलतायत. एकदा पायी फिरून बघतो आणि सुरू करायला सांगतो.”

“आधी सुरू करा, मग फिरा.”

“तसं लेखी द्या साहेब. आत्ता सुरू करायला सांगतो.”

साहेबांनी फोन ठेवला. लेखी काही आलं नाही.

त्यानंतरचा फोन ताईचा होता. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याच्या शाळेच्या शर्टाची बटणं ताईनेच लावली आणि नोकरीच्या अर्जावर सही करताना पेनही तिनेच हातात दिलं होतं. ती राहायची वरच्या वस्तीत, याच लाइनीवर. दाजी दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. अर्धांगाचा झटका आल्यापासून वाचा गेली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली हवेची गादी होती, आणि तिचा पंप विजेवर चालायचा.

“अरे, लाइट गेली बघ. तुझ्या ऑफिसात विचार ना जरा,” ताई म्हणाली.

“ताई, मीच बंद केली आहे.”

“तू?”

“वारा फार आहे. तारेतून ठिणगी पडली तर सगळा डोंगर पेटेल.”

“मग कधी येईल?”

“अडतीस खांब आहेत. चालत बघायला तीन तास तरी लागतील.”

ताईचा आवाज बारीक झाला. “तीन तास मी ह्यांना कसं सांभाळू रे? गादीतली हवा चाललीये. अंग नुसतं भाजतंय.”

“पश्चिमेची खिडकी बंद कर. ओली चादर टाक अंगावर. मोरीजवळची फरशी गार असते, तिथे निजव.”

“एकटी उचलू ह्यांना?”

ताईचं घर तिथून जीपने वीस मिनिटांवर होतं. गेला असता तर दाजींना उचलून ठेवलं असतं, पण तितका वेळ लाइन आणखी बंद राहिली असती. फक्त त्या एका घराची नाही, दोनशे घरांची. त्याने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर जाडजूड माणूस, अखंड बडबड करणारा. त्या दिवशी तोही खाली उतरून तारांकडेच बघत होता.

“तू वर जा. शाळेच्या मागचं निळ्या दाराचं घर. पाण्याचा जार घेऊन जा, आणि लाइट येईस्तोवर तिथून हलू नकोस.”

“आणि तुम्ही इथे एकटे? उन्हात आडवे झालात तर मला कळणार कसं?”

“झालो तर सावकाश होईन. जा.”

ड्रायव्हर हसला नाही. आपली पाण्याची बाटली त्याच्या पिशवीत कोंबून तो जीप घेऊन निघून गेला.

पहिले दहा खांब बरे गेले. प्रत्येक खांबाशी तो थांबे, मान वर करून तारा पेलणारे चिनीमातीचे कप बघे, दोन खांबांमधली तार नजरेने मोजे, खालचं गवत बघे आणि पुढे निघे. पंधराव्या खांबापाशी त्याचं डोकं ठणकू लागलं. विसाव्यापाशी फोन तापून बंद पडला. बरंच झालं, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. आता ताईचा फोन आला असता तरी कळलं नसतं.

सव्विसाव्या खांबापुढे तार इतकी ओघळली होती की एका वाळक्या झाडाच्या फांदीला टेकत होती. वारा आला की फांदी तारेला घासे. जिथे घासे तिथलं साल काळं पडलं होतं. तो वाकून झाडाखाली गेला. गवतात ताटाएवढा काळा डाग होता. कधीतरी पेटलं होतं आणि मध्ये उघडा खडक लागला म्हणून तिथेच विझलं होतं. त्याने राखेवर तळहात ठेवला. गरम होती. पण त्या दिवशी सगळाच डोंगर गरम होता. आग सकाळची की कालची, हे हाताला कळेना.

तो तिथेच खाली बसला. दोन घोट पाणी प्यायला, उरलेलं डोक्यावर ओतलं. मग तारेत वीज नसल्याची दोनदा खात्री करून, चुकून आलेली वीज जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा दांडा लावून त्याने कोयत्याने ती फांदी बुंध्यापासून तोडली. एरवी दहा मिनिटांचं काम, त्याला पाऊण तास लागला. पुढचे बारा खांब त्याने कसे पार केले ते त्यालाही नंतर नीट सांगता आलं नाही. वरच्या वस्तीत, शेवटच्या खांबाजवळच्या दुकानातून त्याने सबस्टेशनला फोन लावला तेव्हा पावणेचार वाजले होते. वारा पडला होता.

“सुरू करा बाई.”

“तुमचा आवाज असा का येतोय? पाणी प्यायलात का?” बाईंनी विचारलं. त्याने फोन ठेवून दिला.

ताईच्या घरी दाजी मोरीजवळच्या फरशीवर ओल्या चादरीत होते. ड्रायव्हर गुडघ्यांवर बसून त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होता. त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. डोक्यावरचा पंखा सुरू झाला होता, तरी त्याचा हात थांबला नव्हता. दाजींचे डोळे उघडे होते. सावकाश जवळ बसला तेव्हा त्यांनी चालत्या हाताची दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली.

ताईने त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो पिऊन झाल्यावर तिने रिकामा तांब्या परत घेतला.

“तुझं काम तू केलंस,” मग ती म्हणाली. “ते मला कळतं. पण बंद करणार हे तुला सकाळपासून माहीत होतं ना?”

“वाटत होतं.”

“मग एक फोन करायचास. टाकीत पाणी नव्हतं रे. पाण्याचा पंपही बंद, नळ कोरडा. ह्या भल्या माणसाचा जार नसता, तर चादर भिजवायलाही पाणी नव्हतं घरात.”

वारा, तारा, गवत, खांब, सगळ्याचा सावकाशने विचार केला होता. घरातल्या माणसांना आधी सांगावं, हे तेवढं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

चौकशी झाली. साहेबांनी काळ्या डागाचा फोटो मागितला, फोटो नव्हता. एकसष्ट तक्रारी होत्या, या डोंगरावर आग मात्र कुठेच नव्हती, त्यामुळे दाखवायला काहीच उरलं नाही. ऑपरेटर बाईंनी नोंदवहीची पानं पुढे केली आणि “माणूस विनाकारण बोलणारा नाही,” एवढं स्वतःहून सांगितलं. त्याला ताकीद देऊन प्रकरण मिटलं. पलीकडचा डोंगर त्या आठवड्यात अर्धा जळाला. कशाने, ते कुणालाच कळलं नाही.

दाजी पावसाळ्याच्या तोंडावर गेले. छातीत कफ साठला होता; डॉक्टर म्हणाले, आज ना उद्या हे होणारच होतं. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी “त्या दिवसाच्या उकाड्यानेच खचले,” असं म्हणालं. सावकाश दारातच उभा होता. ताईने मान वर केली.

“त्या दिवशी आम्ही सगळे जिवंत राहिलो,” ती म्हणाली. “त्याला कुणी काही बोलायचं नाही.”

पुढच्या उन्हाळ्याआधी सावकाशने वरच्या वस्तीत घरोघरी फिरून एक यादी केली. कुणाकडे आजारी माणूस आहे, कुणाकडे तान्हं मूल, कुणाचं पाणी पंपावर. खात्याने सांगितलं नव्हतं. वाऱ्याचा इशारा आला की आदल्या संध्याकाळी तो आणि ऑपरेटर बाई निम्मे निम्मे फोन करत. ताईच्या घरात आता आजारी कुणी नव्हतं, तिचं नाव यादीत बसत नव्हतं. तरी पहिला फोन तो तिलाच लावी.

“ताई, उद्या दुपारी बहुतेक बंद करावी लागेल.”

“बरं.”

“पाणी भरून ठेव.”

“मला एकटीला कितीसं लागतं?” ती म्हणाली.

पण तिने फोन ठेवला नाही. चपलांचा आवाज आला, नळ सुटला, आणि रिकाम्या बादलीत पाणी पडू लागलं. आधी खणखणत, मग हळूहळू भरीव होत जाणारा तो आवाज. बादली भरेपर्यंत सावकाश फोन कानाला धरून बसून राहिला.