माहेरची माणसं येईपर्यंत

धोंडुबाईंनी पुढे होऊन बाहुलीच्या गुडघ्यावर सरकलेली साडी खाली ओढली, पदर सारखा केला आणि मगच मागे वळून म्हटलं, "हं. आता सांगा काय सांगायचं ते."

सभागृहात हशा पिकला. पोलीस, सरकारी वकील आणि गावोगावचे पोलीस पाटील यांना एकत्र बसवून सांगलीत प्रशिक्षण चाललं होतं. जमिनीवर खुनाचा देखावा मांडलेला. कापसाची बाई, पालथं पडलेलं तांब्याभांडं, कुंकवाचं रक्त. अशा जागी जो पहिला पोचेल त्यानं काय करावं, एवढंच विचारलं होतं.

"हसाय काय झालं?" धोंडुबाई पुढच्या रांगेतल्या हवालदारावर घसरल्या. "तुजी आय अशी पडली असती, तर बगत बसला असतास व्हय रं?"

शिकवणाऱ्या चंदनबाला मॅडम मात्र हसल्या नव्हत्या.

"मावशी, तिची अब्रू तुम्ही झाकलीत, हे खरं. पण त्या साडीला ज्याचा हात लागला होता, तोही झाकला गेला."

धोंडुबाईंनी बाहुलीच्या साडीकडे पुन्हा वळून पाहिलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून पोरांच्या बरोबरीनं दहावी काढलेली ही बाई. जतकडच्या त्या माळरानावरच्या गावात पोलीस पाटील म्हणून तिचा शब्द खाली पडत नव्हता. त्या जागेवर येऊन बसल्या आणि पिशवीतला फोन वाजला. धाकटे दीर लालासाहेब होते.

"वैनी, पल्लवी गेली."

"कुटं गेली?"

"गेली म्हंजे... संपली. सैपाकघरात चक्कर यिऊन पडली, डोस्क्याला लागलं. तुमी या लगोलग. दिस मावळायच्या आत उरकून घिऊ. तुमी असल्यावर पोलिसांचं काय न्हाई."

पल्लवी लालासाहेबांची सून, धनाजीची बायको. सोयरीक धोंडुबाईंनीच जुळवलेली. पोरीची आई काचकूच करत होती, तेव्हा यांनीच छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, 'माज्या घरात देतीयास, घोर सोड.'

त्या उठल्या. दारात मॅडम आडव्या आल्या.

"घरात मयत झालंय. सून."

"कशानं?"

"पडली म्हणत्यात." आणि मॅडम काही बोलायच्या आतच त्यांनी वरच्यावर तोडलं, "आमच्या घरात तसलं काय नसतंय."

मॅडमनी मान हलवली आणि आपला फोन नंबर तेवढा दिला.

एसटीत धोंडुबाईंना बूड टेकवेना. मिरज गेलं. खिडकी उघडली, लावली. चंची काढली, पान न लावताच गुंडाळून ठेवली. 'म्हणत्यात' हा शब्द आपल्या तोंडून कसा निघाला, हेच त्यांना उमजत नव्हतं. दीर खोटं कशाला बोलेल? कवठेमहांकाळच्या अलीकडे त्या पुन्हा उठून पुढच्या दारापाशी गेल्या.

"आवं मावशी, बसा की एका जागी," कंडक्टर वैतागला.

"तिकीट काडलंय. बसायचं का हुबं ऱ्हायचं, त्येबी तुलाच इचारू?"

घरापुढं लाकडं येऊन पडली होती. बांबू चिरायचं चाललं होतं. सैपाकघराच्या दाराशी बायका शेणाची पाटी कालवून बसल्या होत्या. मयत उचललं की जागा सारवून घ्यायची. त्यांना पाहताच कुणीतरी म्हणालं, "थोरल्या बाई आल्या. आता आटपा."

त्या आत गेल्या. पल्लवीवर चादर होती. फक्त हात बाहेर राहिले होते. उजव्या हातात मनगट भरून हिरवा चुडा. डावा हात मोकळा. त्यावर ओरखडे, ताजे.

सवाशिणीचा हात मोकळा. धोंडुबाई खाली वाकल्या. भुईवर काचेचा एक कण नव्हता. पडून बांगड्या फुटल्या असत्या, तर तुकडे चुलीमागं तरी गेले असते.

त्या बाहेर आल्या. धनाजी भिंतीला टेकून बसला होता.

"बांगड्या कुणी झाडल्या रं?"

"कसल्या बांगड्या?"

त्यांची जाऊ पदरात तोंड घालून बसली होती, ती तशीच राहिली.

धोंडुबाईंनी जरा वेळ धनाजीकडे पाहिलं. लहानपणी याला त्यांनीच कडेवर घेऊन मेंढरांमागं फिरवलं होतं. मग त्या लालासाहेबांकडे वळल्या.

"हिच्या माहेरी कळवलं का?"

"कळवू की मागनं."

"मागनं? कुणी शिकीवलं तुमास्नी? सवाशीण हाय ती. माहेरची साडी अंगावर पडल्याबिगार उचलायची? सोयरंधायरं तोंडात शेण घालतील!"

रीत ती रीत. धोंडुबाईंनी सैपाकघराचं दार ओढून घेतलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. कडब्याच्या गंजीमागे जाऊन पल्लवीच्या आईला फोन केला. तिकडचा हंबरडा ऐकून घेतला. नंतर बराच वेळ फोन हातात तसाच धरून उभ्या राहिल्या, आणि दुसरा नंबर लावला.

"मॅडम, पडली म्हणत्यात असं मी मगा बोलले. ते आता म्हणवत न्हाई. तुमची गाडी धाडा."

परत येऊन त्या उंबऱ्यावर बसल्या. पाटीतलं शेण वरून सुकायला लागलं. बायका कुजबुजत होत्या. शेजारून चहा आला, तो लालासाहेबांनी स्वतः आणून दिला.

"वैनी, तुमी होता म्हणून. रीत राखली. घराचं नाव राखलं."

चहावर साय धरली, तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

ओढ्याकडून धुरळा उठला. "माहेरची आली!" असं कुणीतरी ओरडलं आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे गळा काढला. गाडी अंगणात थांबली. आतून हातमोजे घातलेली दोन पोरं, कॅमेरावाला, ठाण्याचे साहेब आणि मागून चंदनबाला मॅडम उतरल्या. रडणं मध्येच तुटलं.

"ही कोण?" लालासाहेबांनी विचारलं.

"म्या बोलिवलीत."

लालासाहेब जवळ सरकले. "वैनी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "ह्ये घर तुमचंबी हाय."

"तिचंबी हुतं."

त्यांनी किल्ली मॅडमच्या हातात दिली आणि उंबरा सोडला. बायकांच्या घोळक्यात जाऊन बसावं म्हणून त्या वळल्या, पण कुणी सरकून जागा दिली नाही. त्या उन्हातच उभ्या राहिल्या.

थोड्या वेळानं ओढ्याकडून टेम्पो आला. मागच्या फळीला धरून पल्लवीची आई उभी होती. काखेत घडी न मोडलेली साडी. या वेळी गळा काढायला कुणी पुढं झालं नाही.

धोंडुबाई एकट्याच टेम्पोकडे चालायला लागल्या.