राजामायची काडीपेटी

राजाबाई घोंगडीची घडी पिशवीत कोंबत होत्या. ती मावत नव्हती, तरी कोंबतच होत्या.

“राजामाय, निघालात कुठं?” संध्या दारातच थबकली. चिकलठाण्याच्या या व्यसनमुक्ती घरात ती बायकांची समुपदेशक होती.

“फर्दापूरला. भावाची मेंढरं हाईत. मेंढरं माणसाचा भरोसा मोजीत नाहीत.”

“काल काडीपेटी गेली, आज माणूस चाललं,” शेजारच्या खाटेवरची तनुजा पुटपुटली.

घरात काडीपेटी एकीच्याच हाती असे. दारू सोडायला आलेल्या बायकांमध्ये मोकळा विस्तव नको, असा दंडक होता. राजाबाई वर्षभर दारूच्या थेंबाला शिवल्या नाहीत, तेव्हा तो मान त्यांच्या कनवटीला आला. जेवणं उरकली की त्या अंगणात एकेकीची विडी पेटवून देत, शेवटी आपली. दारूपाठोपाठ विडीही सुटेल, यावर कुणाचा विश्वास नव्हता. संध्याचा होता. तलफ आली की लवंग, गार पाणी आणि हातात टाळ, असं करत तिनं बायकांना वळवत आणलं होतं. काल राजाबाईंनी अख्खं बंडल चुलीत टाकलं. मोह नको म्हणून संध्यानं लगोलग काडीपेटी मागून घेतली. त्यांनी मुकाट्यानं दिली, पण रात्री जेवल्या नाहीत.

आता या फाटकाबाहेर पडल्या, तर जालना रोडच्या पहिल्या गुत्त्यावरच पाय अडखळेल, हे दोघींनाही ठाऊक होतं.

“तलफ लई आली का?” संध्यानं हळूच विचारलं.

“हाय की. हाडात हाय. पर तिच्यापायी नाय चालले.” राजाबाईंनी कनवटीची सुटलेली गाठ चाचपली. “घरच्यांनी चूल पेटवू दिली नाय मला. जाळशील म्हनायचे. तुमी इस्तू हातात दिला. बिडी वढत व्हते तवर ऱ्हाऊ दिला. टाकली, अन् काढून घेतला. ह्यो कुठला न्याय, ताई?”

संध्या कचेरीत गेली, परतली आणि तिनं काडीपेटी घोंगडीवर ठेवली.

“चुकलं माझं.”

“आन् म्या बिडी पेटवली तर?”

“पेटी तुमची. काय पेटवायचं ते तुम्ही बघा.”

राजाबाईंनी पेटी कनवटीला खोचली. मग पिशवीतून घोंगडी बाहेर ओढली.

सांजेला तीच घोंगडी कीर्तनाला अंथरली गेली. शनिवारच्या या कीर्तनाला बाहेरचे महाराज नसत. घरातलीच एखादी उभी राही, बाकीच्या धृपद धरत. आजवर राजाबाई उभ्या राहिल्या की दुसऱ्याच ओळीला खोकला यायचा आणि बायका हसू दाबायच्या.

समईजवळ त्या वाकल्या, तशी तनुजा पुढं सरकली. तिच्या पदराच्या गाठीतून विडी निघाली.

“राजामाय, येवढी एक पेटव गं. उद्यापासून देवाची आण.”

“तुझा देव उद्याच उठतोय व्हय?”

राजाबाईंनी काडी ओढली. समईची एक वात लावली आणि जळती काडी तनुजाच्या हाती दिली.

“धर. तूच बघ.”

मग त्या सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी धृपद उचललं. आवाज वर चढला, तिथंच ठरला. दुसरी ओळ आली. गेली. खोकला आला नाही. एका हातात काडी, एका हातात विडी घेऊन तनुजा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. आच बोटांपाशी आली, तशी ती झटकन वाकली आणि समईची दुसरी वात लावून मोकळी झाली.

“संध्याताई,” शेजारची कोपरानं ढोसत म्हणाली, “टाळ वाजवा की. नुसतं बघताय काय?”