आधी फोटो, मग पाणी

“काका, थांबा! हात लावू नका अजून!”

ताई हातातली पिशवी दारातच टाकून धावत आल्या, पण उशीर झाला होता. टेबलावर म्हातारी केसाळ कुत्री आडवी पडली होती आणि काका तिच्या कपाळावरचे केस कंगव्याने मागे वळवत होते. मागचा पाय मांडीपर्यंत भादरून झाला होता, जखमेतल्या अळ्या चिमट्याने एकेक करून काढल्या होत्या आणि औषधाच्या पाण्याने धुऊन वर पांढरेशुभ्र बँडेज बसवले होते. भरीस भर म्हणून कानामागच्या गाठी सोडवून मिशासुद्धा पुसल्या होत्या. लग्नाला निघाल्यासारखी कुत्री चकाचक दिसत होती.

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. “अहो, काय केलंत हे?”

“काय केलं म्हणजे? साफ केलं.”

“आणि फोटो?”

काकांचा कंगवा हवेतच थांबला. समोरच्या पत्र्यावर ताईंनी खडूने लिहून ठेवले होते, ‘आधी फोटो, मग पाणी’. काका ते प्रत्येक खेपेला वाचत असत. पण समोर कोणी विस्कटलेले आले की त्यांचे हात त्यांना विचारायला थांबत नसत. सगळी हयात सलूनमध्ये गेली होती. खुर्चीत बसलेला माणूस बसला तसाच उठून गेला, असे त्यांच्या दुकानात कधी घडले नव्हते.

हे प्राण्यांचे घर म्हणजे एक जुने गोदाम. चारदोन माणसे आपापली नोकरी सांभाळून ते चालवत. ताई शाळेच्या ऑफिसात होत्या. तिथून सुटल्या की नवऱ्याचा जुना शर्ट अंगात चढवून इकडे येत. काका दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी येऊन जखमांभोवतीचे केस काढून देत. डॉक्टर मात्र बाहेरचे, त्यांचे बिल व्हायचे. ते बिल कुठली कुठली अनोळखी माणसे भरत, फोनवर फोटो बघून. फोटोत जितकी घाण जास्त, तितके पैसे लवकर येत. काकांना याची पहिल्यापासून शिसारी होती. पू, अळ्या, कुजलेले कातडे यांचे त्यांना काही वाटत नसे. पण ते दाखवून पैसे गोळा करायचे म्हटले की ते उठून बाहेर जात.

आणि आज टेबलावर परके जनावर नव्हते. ही त्यांच्या सलूनच्या पायरीवरची कुत्री होती. दुकान आपलेच असल्यासारखी पसरते म्हणून गिऱ्हाइकांनी तिला मालकीण म्हणायला सुरुवात केली होती. शटर ओढायच्या आधी काका जुना कंगवा घेऊन बाहेर येत, तिच्या मानेवर बोटाने टिचकी मारत, की मालकीण गिऱ्हाइकासारखी मान खाली घाली. मध्यंतरी ती दिसेनाशी झाली. सापडली ती गल्लीच्या टोकाला, गटाराकडेला, पायावरून गाडी गेलेली.

डॉक्टरांनी संध्याकाळी बँडेज सोडून पाय बघितला. “हाड सडलंय. पाय काढावा लागेल, आणि लवकर. विष वर चढलं की मग मला बोलावू नका.”

“करा ना मग उद्याच,” ताई म्हणाल्या.

“ताई, आधीचं बिल अजून थकलंय. माझं मी बघेन हो. पण भूल देणारा बाहेरून येतो, तो काय माझ्या तोंडाकडे बघून येणार आहे? निम्मे तरी आधी द्या.”

काकांनी गल्ल्यात होते नव्हते ते आणून दिले. त्यात भूलवाल्याचेही भागत नव्हते.

ताईंनी चकाचक मालकिणीचाच फोटो टाकला आणि खाली सगळी हकिगत लिहिली. लोकांनी भराभर लाल बदाम पाठवले. ‘किती गोड आजी!’ कोणी लिहिले. ‘हिला कोण सांभाळतं? छान ठेवलंय.’ एकाने लिहिले, ‘कुत्री तर ठणठणीत दिसतेय. ऑपरेशनच्या नावाखाली खातंय कोण?’

दुसऱ्या दिवशी काका दुपारीच दुकान बंद करून आले. ताईंनी फोन त्यांच्यापुढे धरला. काकांनी वाचले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“खातंय कोण? या, म्हणावं, इथे येऊन एक दिवस नुसती मुताची घाण उपसून दाखवा!”

“ओरडून काय उपयोग?” ताई हळूच म्हणाल्या. “काका, एक सांगू? रागावू नका. आज ड्रेसिंग करू नका. उघडंच राहू दे. माशा बसतील, उद्यापर्यंत जखम परत पहिल्यासारखी दिसेल. मग फोटो काढू.”

“शाळेत काम करता तुम्ही? लाज नाही वाटत?”

“मला काय हौस आहे?” ताईंचा आवाज चढला. “मागे त्या मांजरीला असंच आधी धुतलं. तिलाही बदामच आले. बदामाने टाके पडत नाहीत, काका. कुठे पुरलीय ती, बघायचंय?”

काका मालकिणीकडे वळले. त्यांनी बँडेज बदलले. जखमेला कालच्यापेक्षा वेगळा, गोडसर वास येत होता. मालकिणीने समोर ठेवलेल्या पाण्याकडेही बघितले नाही. मांडीला हात लावला तर तापलेली होती. काका तिच्याशेजारी टेकले आणि ओल्या बोटांनी तिचे ओठ पुसत राहिले.

“ताई,” शेवटी ते म्हणाले, “कालचा केसांचा डबा टाकलात का?”

“नाही. कोपऱ्यात आहे. का?”

काका उठले. भादरलेल्या जटा त्यांनीच काल झाडून डब्यात भरल्या होत्या. आता त्यांच्यावर माशा घोंगावत होत्या. पू, रक्त आणि चिखल लागून ते केस वाळले होते आणि डबा उघडताच नाकातले केस जळतील अशी घाण भपकन बाहेर आली. काकांनी डब्यात हात घातला.

त्यांनी बँडेज सोडले. जखमेवर औषधाची स्वच्छ जाळी पसरली, म्हणजे आत काही जाऊ नये. त्या जाळीच्या कडेने, मांडीवर, पोटावर, शेपटीच्या मुळाशी ते एकेक जट ओल्या मातीने चिकटवत गेले. कपाळावरचे केस उलटे करून डोळ्यांवर ओढले. मिशांना चिखल फासला. कुठे किती लावले की किती वाईट दिसेल, हे त्यांच्या बोटांना बरोबर कळत होते. आयुष्यभर जे निस्तरले, तेच आज उलटीकडून करायचे होते, आणि ते त्यांना इतके झकास जमत होते की स्वतःचीच किळस आली. शेवटी त्यांनी मानेवर टिचकी मारली. अंगात ताप असतानाही मालकिणीने मान खाली घातली.

“काढा,” काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “लवकर काढा आणि आटपा.”

ताईंनी फोटो काढला. त्या रडत होत्या. मग दोघांनी मिळून तिला पुन्हा धुतले, आणि धुताना कोणीच कोणाकडे बघितले नाही.

अंधार पडायच्या आत डॉक्टरांचे मागचे-पुढचे सगळे फिटेल एवढे पैसे जमले. त्यांनी दुसऱ्या सकाळी पाय काढला आणि मालकीण वाचली.

ती तीन पायांवर सलूनच्या पायरीवर परत आली, तेव्हा मांडीचे टाकेसुद्धा दिसणार नाहीत असे काकांनी तिचे केस बेतून ठेवले होते. 

एके दिवशी कापड दुकानाचे मालक दाढीला बसले होते. जुने गिऱ्हाईक. गालाला साबण फासलेला असताना त्यांनी अंगावरच्या कापडाखालून फोन काढला.

“हे बघितलंत का, काका? सगळीकडे फिरतंय.”

फोनवर मालकीण होती. घाणीने माखलेली, डोळ्यांवर केस आलेले.

“रात्री झोप लागली नाही मला. लगेच पैसे पाठवले. काय हात असतील हो त्या माणसाचे, ज्याने मुक्या जनावराची ही दशा केली! तोडायला पाहिजेत.”

काकांचा वस्तरा गळ्याशी होता. तो त्यांनी सावकाश वर आणला. ही तीच, दारात बसलीय, असे म्हणायला त्यांनी तोंड उघडले होते. पण मग पुढचेही सांगावे लागले असते.

“मान जरा वर करा,” ते म्हणाले.

दाढी झाली. मालकांनी आरशात गाल चाचपून बघितले, खूश झाले आणि बाहेर पडताना पायरीवर अडखळले.

“ए, हाड!” त्यांनी बुटाने मालकिणीला बाजूला लोटले. ती धडपडली, तीन पायांवर सावरली. “काका, ही लंगडी दारात कशाला ठेवता? गिऱ्हाइकाला किळस येते.”

ते गेले. काकांनी खुर्ची झटकली, केस झाडून डब्यात भरले, डब्याला झाकण लावले. मग जुना कंगवा घेऊन बाहेर आले. त्यांना बघून मालकिणीने टिचकीची वाटही न बघता मान खाली घातली.

काका कंगवा तिच्याजवळ ठेवून आत गेले आणि नळ सोडून हात धुऊ लागले.