पडदाभर

गेवराईत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत ईश्वरप्पांचा फोटो स्टुडिओ होता. डोळे अधू झाल्यावर त्यांनी कॅमेरा मुलाच्या, विरुपाक्षच्या, हाती दिला. कॉम्प्युटर मात्र सुनेनं, शिवगंगानं, आपणहून शिकून घेतला. विरुपाक्षनं लग्नं शूट करून आणायची आणि शिवगंगानं त्यातलं नको ते कापून, गाणी लावून कॅसेटा, पुढं पेनड्राइव्ह भरून द्यायचे, असा त्यांचा संसार चालला होता. नवरीचा मामा रुसून तोंड फिरवून उभा असला, तर त्याला नेमकं कुठं कापावं हे तिला बरोबर कळायचं.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात उमापूरकडच्या एका दूध संस्थेचे सचिव बद्रीनाथ एक जुनी कॅसेट घेऊन आले. संस्थेला पंचवीस वर्षं झाली होती. त्यानिमित्तानं सभासदांची सभा ठेवली होती आणि भाड्यानं मोठा एलईडी पडदा सांगितला होता.

"दोन हजार तीनला आपल्या संस्थेनं चारा छावणी चालवलती, त्याची ही शूटिंग हाय," बद्रीनाथ म्हणाले. "तुमच्या सासऱ्यांनीच केलती. पडद्यावर नीट बसवून द्या."

एकोणीसच्या दुष्काळातही छावणी चालू होती. चारा कमी पडतो म्हणून सभासद कुरकुरत होते. सभेत आधी जुनी छावणी दाखवावी, म्हणजे तोंडं जरा बंद होतील, असा चेअरमन अर्जुनरावांचा हिशेब होता. बद्रीनाथांनी तो आडपडदा न ठेवता सांगितला.

शिवगंगानं कॅसेट उतरवून घेतली. जुन्या कॅमेऱ्याचं चित्र जवळपास चौकोनी, आणि पडदा चांगला लांबट. तसंच लावलं तर दोन्ही बाजूला काळे पट्टे राहत होते. पट्टे घालवायचे तर चित्र मोठं करून वरून नाहीतर खालून कापावं लागणार होतं. तिनं एकेक दृश्य घेऊन पाहिलं. वरून कापलं की ट्रॉलीवर उभं राहून भाषण करणाऱ्या अर्जुनरावांचा फेटा जात होता. खालून कापलं की जनावरांपुढची गव्हाण जात होती, आणि गव्हाणीत काय आहे, काय नाही, ते दिसेनासं होत होतं. तिसरा मार्ग चित्र आडवं ताणायचा. त्यात काहीच कापलं जात नव्हतं, पण माणसं बुटकी आणि रुंद होत होती.

अर्जुनराव स्वतः बघायला आले. तिनं तिन्ही तऱ्हा लावून दाखवल्या.

"काळं पट्टं कावून?" ते म्हणाले. "सभेत काय सुतक हाय का? आन फेटा कापलेला तर लई वंगाळ दिसतंय."

मग ताणलेलं चित्र सुरू झालं. दावणीला पाठमोरी उभी असलेली जनावरं आली. खरं तर त्यांच्या पुठ्ठ्यांची हाडं कातडीतून वर आली होती, पण ताणल्यामुळं पुठ्ठे भरल्यासारखे वाटत होते. अर्जुनराव खुर्चीत पुढं सरकले.

"हेच ठेव, सूनबाई. जनावरं कशी टवटवीत हायती बघ."

"ती तशी नव्हती, काका. हे ताणलंय."

"सोळा वरसानं कोण बघायला बसलंय? पडदाभर दिसतंय, तेवढं बास."

शिवगंगानं वाद घातला नाही. गिऱ्हाइकाचं काम गिऱ्हाइकाच्या मनासारखं करायचं, हा त्या दुकानाचा रिवाज होता. ईश्वरप्पा मागं खाटेवर बसून पडद्याकडं डोळे बारीक करून बघत होते. अर्जुनराव गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "माझ्या कॅमेऱ्यानं असं काढलं नव्हतं."

"ठाऊक हाय, अप्पा," ती म्हणाली, आणि मूळ चित्रही तिनं लॅपटॉपवर तसंच राहू दिलं.

विरुपाक्ष त्या दिवशी माजलगावच्या लग्नात अडकला होता, म्हणून सभेला तीच गेली. मांडवात माणूस मावत नव्हतं. ऊन कापडातून आत येत होतं. अर्जुनरावांचं स्वागत झालं, नारळ फुटला आणि तिनं चित्र चालू केलं.

आधी हसू फुटलं. ट्रॉलीवरचे अर्जुनराव रांजणासारखे दिसत होते. मग दावण आली आणि मागून कुणी तरी म्हणालं, "लई खाल्लं की जनावरांनी त्या वरशी!" त्यानंतर एक बाप्या दिसला. गाईच्या मानेवर हात टाकून तो कॅमेऱ्याकडं बघत होता आणि लाजून हसत होता.

बायकांतून बायनाबाई उठल्या. संस्थेच्या पहिल्या सभासदांपैकी त्या एक. चित्रातला बाप्या त्यांचा नवरा राधाकिशन. छावणीत तो चारा वाटायचा. पुढच्याच वर्षी विहिरीचा गाळ काढताना क्रेनचा दोर तुटला आणि तो गेला. घरात त्याचा एक फोटो होता, लग्नातला. हलतं-बोलतं काहीच नव्हतं.

"थांबवा," बायनाबाई म्हणाल्या. "ह्यो कोण हाय?"

"राधाकिशन की," बद्रीनाथ म्हणाले. "वळखलं न्हाई का, वहिनी?"

"माझं माणूस असं व्हतं? सदऱ्यात दोन मावले असते, असा वाळका व्हता. आन ही आमची चांदी गाय? तिला उठवायला चौघं लागायची. अर्जुनराव, तुमी आमाला काय दाखवायलाव?"

मग एकेक जण बोलू लागला. त्या वर्षी उसाचं वाढं किती मिळालं, कुणाची जनावरं बसली ती उठलीच नाहीत, हे सगळं निघालं. त्यावरून गाडी आजच्या छावणीवर आली. आजचा चारा कोण मोजतं, कुणासमोर मोजतं? अर्जुनरावांनी हात वर करून पाहिला, पण कुणी ऐकेना. ते वळून शिवगंगाला म्हणाले, "सूनबाई, तुमीच बिघडवलं हे."

तिनं लॅपटॉपवर मूळ चित्र शोधलं.

"मूळचं हाय माझ्याकडं," ती म्हणाली. "लावू का?"

बद्रीनाथांनी होकारार्थी मान हलवली. तिनं मूळ चित्र लावलं. ते पडद्याच्या मध्येच उभं राहिलं, दोन्ही बाजू काळ्या. गव्हाणी दिसल्या, त्यांच्या तळाला मूठमूठ वाढं. हाडं दिसली. अर्जुनरावही दिसले, गालफडं बसलेले, ओठांना भेगा पडलेले. त्या वर्षी तेही छावणीतच झोपायचे, हे जुन्या लोकांना तेव्हा आठवलं. कुणी तरी तसं बोलूनही दाखवलं. राधाकिशन आला तेव्हा बायनाबाई उभ्याच होत्या. चित्र संपल्यावर त्या खाली बसल्या.

त्या सभेत एवढं ठरलं, की चारा सभासदांपुढं तोलून उतरवायचा. चेअरमन अर्जुनरावच राहिले. संस्थेनं मात्र पुढचं काम गेवराईतल्या दुसऱ्या स्टुडिओला दिलं. विरुपाक्ष दोन दिवस घुश्शात होता, मग विसरला.

पंधरवड्यानं बायनाबाई स्टुडिओत आल्या. त्यांनी लेकाचा मोबाइल पुढं केला. "ह्यात दे. हातात उभा धरून बघता यावं असं."

शिवगंगानं चित्र मोबाइलच्या उभ्या मापात बसवून पाहिलं. आता बाजू कापाव्या लागणार होत्या. राधाकिशन आणि गाय दोघं त्यात मावेनात. मावले तर अगदी बारके होत होते, चेहरा कळत नव्हता.

"मावशी, दोघातलं एक राहील. का बारीकच देऊ दोघं?"

बायनाबाईंनी पडद्यावरच्या गाईवर बोट ठेवलं.

"गाय काप. चांदीला मी पुरती पाहिली, शेवटपस्तोर. ह्येला न्हाई."

शिवगंगानं चौकट सरकवली. गाईचं तोंड गेलं, शिंगं गेली. राधाकिशन मोठा झाला, दाढीचे खुंट दिसू लागले. त्याचा हात मनगटाशी कापला जात होता.

"हात न्हाई का येत?"

"येतो. पण मग गाईची थोडी मान येती."

"येऊ दे," बायनाबाई म्हणाल्या. "हातापुरती राहू दे."