घरच्यांतला ठिपका

प्रेमानंदनं अप्पांच्या सदऱ्याला माईक अडकवला, अंगणातली शेळी लांब नेऊन बांधली आणि आईला घेऊन बाहेर येऊन बसला. आत अप्पा, म्हणजे त्याचे वडील माणिकराव, एकटेच पाकिटातल्या चिठ्ठ्या काढून वाक्यं वाचत होते. ती नंतर रेकॉर्डिंग ऐकून ओळखायची होती, म्हणून घरच्यांना आधी कळता कामा नयेत, असा त्याच्या गुलबर्ग्याच्या गाइड शिवगंगा मॅडमचा नियम होता.

मुडबी गावात आपल्या लोकांत कुणाचंही लग्न असो, पंचशील म्हणायचे ते माणिकरावांनीच. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला आणि तो आवाज जिभेतच अडकला. अशा माणसांचे आ, ई, ऊ संगणकावर मोजायचे आणि ऐकणाऱ्याला त्यांचं बोलणं किती कळतं त्याच्याशी ताडून बघायचे, हा प्रेमानंदचा पीएच.डी.चा विषय. तो त्यानं अप्पांसाठीच घेतला होता. निदान सगळ्यांना तो तसं सांगायचा.

त्या शनिवारी सकाळी एसटीतून उतरला तेव्हा अप्पा फाट्यावरच्या बाकावर काठी धरून बसलेले दिसले होते. हवा खायला आले असतील, असं त्याला वाटलं. संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेला.

महिन्याभरानं मॅडमनी अप्पांच्या आवाजाचा आलेख पडद्यावर आणला. निळे ठिपके परक्यांचे, म्हणजे कॉलेजातल्या पोरांचे. ते सगळे तळाशी, म्हणजे त्यांना फारसं काही कळलं नव्हतं. लाल ठिपके घरच्यांचे : आई चांगुणाबाई, बहीण मंगल आणि तो स्वतः.

"आईला जवळपास सगळंच कळतंय की!" मॅडम खूश होत्या. मग त्यांचं पेन खालच्या गर्दीतल्या एका लाल ठिपक्यावर टेकलं. "हा मात्र चुकून लाल झालाय. परक्यांतला दिसतोय. कुणाचा हाय, बघ."

प्रेमानंदला बघायची गरज नव्हती. दिव्याखाली अंधार असतो हे त्याला ठाऊक होतं, पण तो असा रंग लावून समोर येईल असं वाटलं नव्हतं. त्याला मॅडमच्या तोंडाकडे बघवेना.

"बघून सांगतो, मॅडम."

त्या दिवशी शुक्रवार होता. नेहमीसारखा त्यानं घरी फोन लावला आणि चांगुणाबाईंनी नेहमीसारखा तो अप्पांच्या कानाला धरला. अप्पा थांबत थांबत काहीतरी बोलले. एरवी इथं तो "व्हय अप्पा" म्हणायचा आणि फोन आईकडे जायचा.

"अप्पा, समजलं न्हाई मला," तो म्हणाला. "परत सांगा."

मग आईचा आवाज आला.

"आज कामून समजलं न्हाई? तेच तर इचारायलेत, उद्या येतूस का म्हणून."

"उद्या?"

"दर शुक्रवारी इचारतेत की. तू व्हय म्हणतूस. मग शनवारी दिवसभर फाट्यावर जाऊन बसतेत."

"माय, मग तू मला सांगितलं कामून न्हाईस?"

"काम निघालं आसंल म्हणलं. तुला कशाला वाईट वाटू द्यायचं?"

फोन परत अप्पांच्या कानाला लागला असावा. त्यांचा श्वास ऐकू आला आणि मागोमाग तेच मोडकं वाक्य. या वेळी प्रेमानंदला ते सगळं कळलं, आणि त्याला "व्हय" म्हणता येईना.