उदबत्तीचा चटका

चौऱ्याण्णवच्या वैशाखात मनगटावर लाल चट्टा उठला आणि तेव्हापासून दूधविनायक मोहल्ल्यातल्या आनंदीच्या जिवात जीव राहिला नाही. शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर बसणारे महारोगी तिला डोळे मिटले तरी दिसायचे. महारोगात कातडी बधिर होते, हे तिने ऐकलं होतं. म्हणून रोज पूजा आटोपली की ती चट्ट्याला पेटती उदबत्ती टेकवून बघायची. भाजलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटायचं.

खाज सोसवेना तेव्हा ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी उघड्या हाताने तिचं मनगट धरलं. हे इसब आहे, शिवल्याने पसरत नाही, साबण कमी करा, अंघोळ झाली की लगेच मलम चोळा, असं त्यांनी सांगितलं. "और यह जलाना बंद कीजिए," त्या दरडावून म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "घर में और किसी को खुजली है? खानदान में चलता है."

आनंदी धावतच घरी आली. एवढ्या उकाड्यात तिची लेक बकुळ लांब बाह्यांचा फ्रॉक घालून बसली होती. आनंदीने बाही वर सारली. कोपराच्या खळगीत तसाच लाल चट्टा होता आणि त्यावर बारके काळे डाग होते.

"मला अजून भाजतं, आई," बकुळ हळूच म्हणाली. "मी रोज बघते."