माझ्यावर नसलेलं गाणं

बायकोचा ब्लूजचा अल्बम आला आणि दवाखान्यातले पेशंट माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले. दातांच्या डॉक्टरला एक सोय असते, समोरच्याचं तोंड उघडं असलं तरी त्याला बोलता येत नाही. पण एक आजोबा कवळी बसवून निघाले, दार हाताने धरून अगदी अलगद लोटलं आणि मागे वळून हसले. "तिसरं गाणं ऐकलं हो, डॉक्टर," म्हणाले. माझे कान तापले.

मी एकही गाणं ऐकलं नव्हतं. ब्लूज म्हणजे दुःखाची गाणी, आणि लग्न झालेल्या बाईच्या दुःखात नवरा नाही तर कोण असणार? आपली अब्रू चव्हाट्यावर मांडलेली कोण हौसेने ऐकत बसेल!

त्या संध्याकाळी घरी गेलो तो तिच्यावर तोंडसुख घेतच. शनिवारी तुझ्या गाण्यांचा कार्यक्रम आहे, तिथे सगळ्यांसमोर सांग, म्हटलं, की ही गाणी माझ्यावर नाहीत. ती भांडेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "कुठलं गाणं लागलं तुला?"

मला नाव सांगता येईना. सगळीच, म्हणालो. ती म्हणाली, सांगते.

शनिवारी मी पहिल्या रांगेत ताठ बसलो. तिसऱ्या गाण्याआधी तिने माईक जवळ ओढला. "हे गाणं माझ्या नवऱ्यावर नाही," ती म्हणाली. लोक हसले. मला हायसं वाटलं.

मग ती गायला लागली. एका खोलीचं घर, करकरणारं दार. आत ती गात असायची, म्हणून कामावरून आलेला एक माणूस बाहेर पायरीवर बसून ऐकत राहायचा. तिचा सूर थांबला की दार थोडं उचलून, आवाज न करता आत यायचा. आता घर मोठं आहे, दार करकरत नाही, पण पायरीवर कोणी बसत नाही. त्याला कोणी पाहिलंत का, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

ते दार मी उचलायचो. हे मी विसरूनच गेलो होतो. तिने ते जपून ठेवलं होतं, आणि मी तिला भरसभेत ते नाकारायला लावलं. शरमेने मला मान वर करवेना.

टाळ्या थांबल्यावर शेजारच्या बाई डोळे पुसत माझ्याकडे झुकल्या. "तुम्ही नाही, तर मग कोण हो तो?"

"माहीत नाही," मी म्हणालो.